सोंग आणि विश्वास

कल्पित कथा रंगवणे म्हणजे असत्य बोलणे होय काय? हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु विचार करू लागलो, की तो आपल्याच दाराशी येऊन उभा राहतो.

१९९८ साली दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ ही अंतराळमालिका सुरू झाली. मिलिंद सोमण तिचे नायक होते. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मुलांनीही ती पाहिली. पण हा खेळ आहे, हे त्यांना ठाऊक होते. सांगणारा व पाहणारा यांच्यात असा करार असला, म्हणजे कथा असत्य ठरत नाही.

पुढच्याच वर्षी ‘गॅलॅक्सी क्वेस्ट’ हा इंग्रजी चित्रपट आला. त्यात याच नावाची एक कल्पित, बंद पडलेली मालिका आहे. परग्रहावरील भोळे लोक तिला खरा इतिहास मानतात, कारण लबाडी म्हणजे काय, हेच त्यांना माहीत नाही. ते तसेच यान बांधतात आणि संकटात त्या नटांनाच हाक मारतात. कथा तीच राहिली. करार मात्र उरला नाही.

नायकाला अखेर सत्य कबूल करावे लागते. तरी नट तेथून निघून जात नाहीत; ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्यासाठी ते खरोखर झुंजतात.

आपल्या घरांतील मुले अशीच भोळी असतात. बाप धैर्याचा आव आणतो. आम्ही याजक झगा चढवतो, आणि ती आम्हांला त्या झग्याएवढेच पवित्र समजतात. आपण तेवढे नाही, हे मान्य करणे म्हणजे अर्धे प्रामाणिकपण. त्यांच्या विश्वासास पात्र होण्यासाठी झटणे, हे उरलेले अर्धे होय.