दुकानदाराचे दान आणि संगणकाची खोली

किरकोळ विक्रीच्या मोठ्या कंपन्या शाळांना, वाचनालयांना आणि वस्त्यांतल्या मुलांना संगणक देतात, त्या दानात एक पेच असतो. दुकानाला सर्वांत सोपे असते वस्तू देणे. माल घाऊक भावाने आलेला असतो, गोदाम आणि गाड्या हाताशी असतात, आणि उद्याचे गिऱ्हाईकही तयार होते. वस्तीची नड मात्र वेगळीच असते: खोलीचे भाडे, विजेचे बिल, बिघडलेले यंत्र दुरुस्त करणारा कारागीर आणि रोज संध्याकाळी मुलांजवळ बसणारे कोणीतरी. हे दान जोखायचे तर संगणक किती दिले यापेक्षा यातले काय दिले ते पाहावे लागते.

ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केट साखळीने १९९२ मध्ये ‘कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स’ ही योजना सुरू केली. ठरावीक आठवडे दर १० पौंडांच्या खरेदीमागे गिऱ्हाइकाला एक कूपन मिळे. मुले ती कूपने दप्तरातून शाळेत आणत, शाळेत ती मोजून गठ्ठे बांधले जात आणि सूचीपत्र पाहून सामान मागवले जाई. ‘विच?’ या ग्राहक मासिकाने २००१ मध्ये याचा हिशेब मांडला. हजारेक पौंडांच्या एका संगणकासाठी पालकांना दोन लाख पौंडांहून अधिक खरेदी करावी लागत होती, म्हणजे विक्रीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी रक्कम शाळेच्या पदरात पडत होती. योजना खोटी नव्हती. अनेक वर्गांत त्यामुळे खरोखरच संगणक आले. पण ज्या भागातले पालक जास्त खरेदी करू शकत, तिथल्या शाळेची कूपने लवकर भरत. गरज जिथे मोठी, तिथे गठ्ठे लहान.

हे पैसे नेमके कोणाचे, हा प्रश्न भारतीय व्यापाराला जुनाच आहे. बाजारपेठेत बिलाच्या तळाशी ‘धर्मादाय’ म्हणून थोडी रक्कम लावण्याची रीत होती. ती रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न धरून तिच्यावर प्राप्तिकर लावावा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात १९७८ मध्ये न्यायालयाने म्हटले की ही रक्कम व्यापाऱ्याची मिळकत नव्हे. ती घेतानाच तिच्यावर धर्मकार्याचे बंधन आलेले असते. आज गल्ल्यावर ‘वरचे सुटे पैसे देणगीत टाकू का’ असे विचारणाऱ्या दुकानालाही हाच न्याय लावून पाहण्यासारखा आहे. पैसे गिऱ्हाइकाचे, फलक दुकानाचा.

खोली आणि माणूस देणाऱ्या दानाचा नमुना अमेरिकेत सापडतो, आणि त्याचा उगम दुकानात नाही. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात मुलांना लेगोचे ठोकळे जोडून संगणकावर चालवण्याचा खेळ होता. खेळ संपल्यावरही काही मुले पुन्हा पुन्हा येत राहिली, आणि त्यांना देण्याजोगे काही नसल्याने ती इमारतीत भटकू लागली; पहारेकऱ्यांपर्यंत तक्रार गेली. संग्रहालयातल्या लोकांना त्यातून कळले की या मुलांना शाळा सुटल्यावर जायला जागाच नाही. १९९३ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबच्या साथीने तिथे पहिले ‘कॉम्प्युटर क्लबहाऊस’ उघडले. त्या खोलीच्या मधोमध एक मोठे हिरवे टेबल होते, आणि त्यावर मुद्दाम एकही संगणक ठेवलेला नव्हता. चित्रे काढायची, काही जोडायचे-मोडायचे किंवा नुसत्या गप्पा मारायच्या, ते या टेबलाशी. भोवती यंत्रे, आणि यंत्रांइतकेच महत्त्वाचे म्हणजे स्वतः काही बनवत असलेले प्रौढ मार्गदर्शक.

अशा क्लबहाऊसांचे पुढे जाळे झाले, आणि त्याला २००० पासून चिप बनवणाऱ्या इंटेलने पैसा पुरवला. पुढे त्यात बेस्ट बाय ही मिनेसोटातली इलेक्ट्रॉनिक वस्तूंची साखळी आली. १९६६ मध्ये ‘साउंड ऑफ म्युझिक’ नावाच्या ध्वनियंत्रांच्या दुकानातून वाढलेल्या या कंपनीच्या प्रतिष्ठानाने २०१२ मध्ये मिनिॲपोलिसच्या मध्यवर्ती वाचनालयात किशोरांसाठी पहिले ‘टीन टेक सेंटर’ उघडायला मदत केली. ध्वनिमुद्रण, चित्रफीत संपादन, त्रिमितीय छपाई, प्रोग्रॅमिंग, सारे विनामूल्य. ते वर्ष कंपनीला वाईट होते. गिऱ्हाईक दुकानात वस्तू हाताळून घरी जाऊन ॲमेझॉनवर मागवत होते. एप्रिलमध्ये मुख्याधिकारी गेला, सप्टेंबरमध्ये नवा आला. तरी केंद्रे वाढत गेली आणि पुढे शंभराचे उद्दिष्ट जाहीर झाले. याचे एक कारण उघड आहे. केंद्रे वाचनालयांत आणि मुलांच्या संस्थांत आहेत, दुकानात नाहीत. छप्पर आणि रोजचा कारभार आधीच दुसऱ्याच्या हातात आहे. दाराशी कंपनीचे नाव असते आणि उद्याचा कर्मचारी कदाचित याच खोलीतून येतो. त्यात गैर काही नाही; मुलगा ध्वनिमुद्रण शिकतो ते खरेच शिकतो.

यंत्र विकणाऱ्याने माणूस द्यावा, ही कल्पनाही नवी नाही. सिअर्स रोबक या टपाल-विक्रीच्या कंपनीने १९१२ मध्ये अमेरिकेतल्या शंभर काउंट्यांना, त्यांनी शेतीतज्ज्ञ नेमावा म्हणून, प्रत्येकी १,००० डॉलर देऊ केले होते. शेतकरी सुधारला की सूचीपत्रातली अवजारे खपणार, हा हिशेब त्यात होताच.

भारतात हा व्यवहार कायद्यातून आला. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार, वर्षाचा निव्वळ नफा किमान ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी रुपये असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते; तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. कंपनीचा नेहमीचा धंदा या खर्चात धरता येत नाही. चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे. नियम हेतूने सावध आहेत, पण त्यांचा कल वस्तूकडे झुकतो: संगणक एका आर्थिक वर्षात घेऊन, देऊन, पावती फाइलला लावता येते. शिक्षकाचा पगार तसा फाइलला लावून संपत नाही.

महाराष्ट्रात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या २०१५ च्या कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. भिंतीवर दात्याचे नाव रंगवलेले, पडदा लावलेला, टॅब कपाटात. पुढचा खर्च मात्र वर्गणीत नव्हता. बिल थकले की जोडणी तुटते, आणि टॅब चालवणारे गुरुजी बदलीवर गेले की कपाटाची किल्ली नव्या गुरुजींच्या खिशात जाते, पासवर्ड जात नाही.