झोपलेल्याची जबानी

गाढ झोपेतून उठलेला मनुष्य आपण सुखाने निजलो आणि आपल्याला काहीच कळले नाही असे सांगतो. ज्याअर्थी ते सुख व ते अज्ञान त्याला आठवते, त्याअर्थी त्या अवस्थेतही त्यांचा अनुभव घेणारा साक्षी जागा असलाच पाहिजे, हा वेदान्त्यांचा युक्तिवाद प्रवचनांतून आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की, त्याच्या पहिल्याच पायरीची, म्हणजे त्या झोपलेल्याच्या जबानीची, उलटतपासणी करावी असे सहसा कोणाला सुचत नाही.

ती उलटतपासणी इस्पितळात रात्रभर चालते, आणि तिला स्लीप स्टडी म्हणतात. आमचा चंदगड तालुका १९५६ साली बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापुरात दाखल झाला. दप्तर हलले, पण दुखणेकऱ्याची वाट फारशी हलली नाही, म्हणून मीही बेळगावचीच गाडी धरली. फिर्याद अर्थात माझी नव्हती. घोरणारा ढाराढूर झोपला आहे असे जग समजते. मधूनच ते घोरणे थांबते आणि मग हिसक्यासरशी श्वास परत येतो, हे शेजारच्या अंथरुणावरील माणसालाच ठाऊक असते. (वेदान्ताने साक्षी आत शोधला, माझा साक्षी अनेक वर्षे बाहेर, उशाशी जागत बसला होता.)

डोक्याला तारा, नाकाशी नळी, छातीला व पोटाला पट्टे, बोटाला चिमटा, एवढ्या सरंजामातही झोप लागते. सकाळी मी झोप बरी झाल्याचे सांगितले. आलेखाचे म्हणणे निराळे होते. श्वास दहा सेकंद वा अधिक थांबला की एक खंड धरतात, आणि असे खंड ताशी तीस झाले की दुखणे तीव्र समजतात. माझी रवानगी त्याच वर्गात झाली. परंतु मला विचारात पाडले ते या संख्येने नव्हे. नाकाजवळची रेषा सपाट पडलेली असताना छातीची आणि पोटाची रेषा अधिकाधिक उसळत होती: घशाचे स्नायू सैलावून वाट मिटलेली, प्राणाची धडपड मात्र चालूच, आणि अखेर मेंदू क्षणभर जागा होऊन ती वाट मोकळी करून पुन्हा निजलेला. देहाच्या नगरात निजानीज झाल्यावर प्राणाचे अग्नी तेवढे जागे असतात, असे प्रश्नोपनिषदात पिप्पलाद सांगतात. त्याला आलेखाने शब्दशः दुजोरा दिला. पण जो वारंवार जागा झाला, त्याचे एकही जागरण मला आठवत नाही, तेव्हा माझी आठवण कोणत्या न्यायाने पुरावा ठरते?

योगसूत्रांवरील व्यासभाष्य येथे अधिक सावध दिसते. निद्राही चित्ताची वृत्तीच आहे हे दाखवताना भाष्यकार सुखाच्या झोपेबरोबरच दुःखाच्या झोपेची आणि तिसऱ्या एका झोपेचीही साक्ष नोंदवतात: मूढ, जड, जिच्यातून उठल्यावर अवयव भारावलेले आणि चित्त थकलेले असते. ती तिसरी सकाळ मी वर्षानुवर्षे उगवताना पाहिली, आणि वयाच्या नावावर खर्ची टाकली.

उपाय साधा आहे. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली तो प्रसिद्ध केला: नाकावर मुखवटा लावून, खोलीतलीच हवा अखंड दाबाने आत सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. सवय होणे मात्र साधे नाही. मुखवट्याच्या कडेतून हवा डोळ्यांत निसटते, तोंडाला कोरड पडते, आणि उच्छ्वास टाकताना समोरून कोणी ढकलत आहे असे वाटते; शिवाय आमच्याकडच्या पावसात वीज गेली की सगळाच कारभार ठप्प. तरीही हळूहळू अंग त्या वाऱ्याला सरावले.

एका वेदान्ती स्नेह्यांपुढे मी हे प्रकरण ठेवले. ते म्हणाले, "अहो, जबानी देतो तो अहंकार, साक्षी कधी जबानी देत नाही." उत्तर मला पटले, पण त्याची किंमत त्यांनी हिशेबात धरली नव्हती. साक्षी जबानी देत नसेल, तर सकाळच्या आठवणीवरून त्याला सिद्ध करण्याचा जुना दावा काढून घ्यावा लागतो, आणि त्याचे अस्तित्व मानायचेच तर ते श्रुतीच्या आधारावर मानावे लागते, झोपलेल्या माणसाच्या शब्दावर नव्हे. स्नेही अजून दावा काढून घ्यायला राजी नाहीत. आमचा वाद चालू आहे.