दोघांसाठीचे पुस्तक

२०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा आमच्या मोहल्ल्यांत त्याचा अर्थ एवढाच लावला गेला : आता नागपूरला जायला नको. त्याआधी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेतली नावाची चूक दुरुस्त करायची म्हटली तरी नागपूरची एस.टी. धरावी लागे. सिरोंचा तर गडचिरोलीहूनच दोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथल्या मुलाला नागपूर म्हणजे परमुलूखच. किती मुलींनी शिकायचे आणि किती मुलींनी घरी बसायचे, हे आमच्याकडे अकलेपेक्षा अंतराने जास्त ठरवले. म्हणून लहान का होईना, जवळचे विद्यापीठ ही नेमत आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो.

पण लहान विद्यापीठात एक प्रश्न रोज उभा राहतो. मोठ्या विद्यापीठात तो पैशाखाली झाकला जातो. जे थोडे आहे ते कोणाच्या वाट्याला जावे? जे संख्येने जास्त आहेत त्यांच्या, की ज्यांना ते दुसरीकडे कुठेच मिळणार नाही त्यांच्या?

हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदा भेटला तो बी.एड.च्या ग्रंथालयात. वर्गात उर्दू अध्यापन पद्धती घेणारे दोघेच होतो. कपाटात उर्दूचे एकही पुस्तक नव्हते. मागणी केली तेव्हा ग्रंथपाल शांतपणे म्हणाले, "दोघांसाठी पुस्तक कसे घ्यायचे? इथे चाळीस जणांना मानसशास्त्राच्या तीन प्रती पुरवतो आहे." नागपूरच्या एका ओळखीच्या शिक्षकाकडून जुन्या टिपणांची झेरॉक्स मागवली आणि तिच्यावर दोन वर्षे काढली. मनात मात्र सल राहिला. आम्ही थोडे आहोत म्हणून आम्ही नाहीच, असा हिशेब कोणी मांडला?

तो सल खरा होता. पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, आणि ती सांगितल्याशिवाय हा सल सांगण्याचा आम्हाला हक नाही.

आमच्या वर्गात भामरागड तालुक्यातला एक माडिया मित्र होता. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की त्याच्या गावाचा जगाशी संबंध तुटे. सुट्टीला गेला की कधी परतेल याचा भरवसा नसे. सराव पाठाच्या दिवशी तो सहावीच्या वर्गात बियांचा प्रसार शिकवत होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा काही बोलेना. यालाच कळले की पोराच्या घरची बोली माडिया आहे. त्याने तोच प्रश्न माडियात विचारला. पोरगे उभे राहिले आणि जंगलातल्या चार झाडांच्या बिया कशा पसरतात ते हाताने दाखवून सांगू लागले. पाठ निरीक्षणाच्या कागदावर मात्र शेरा आला : अध्यापनात प्रमाण भाषेचा वापर करावा. गुण कापले गेले. संध्याकाळच्या चर्चेत तो शेरा मोठ्याने वाचला गेला आणि सगळा वर्ग हसला.

आम्हीही हसलो. उर्दूचे पुस्तक नाही म्हणून दुखावलेले आम्ही दोघेही हसलो.

संख्येच्या बाजूने बोलायला जागा आहे, हे मान्य केले पाहिजे. ते ग्रंथपाल दुष्ट नव्हते. चाळीस जणांचे तोंडचे काढून दोघांना देणे हाही इन्साफ नव्हे. पण संख्येचा नियम खरोखर नियम म्हणून पाळला जातो का? २०११ च्या जनगणनेत संस्कृत ही मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारांच्या आत होते, आणि गोंडी सांगणारे एकोणतीस लाखांहून अधिक. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत संस्कृत आहे, गोंडी नाही. संस्कृत असू नये असे आम्ही म्हणत नाही. तिथे संख्या पाहिली नाही हे योग्यच झाले. मग गोंडीच्या बाबतीत संख्या असूनही दार बंद का? दुबळ्याला नाही म्हणायचे असले की संख्या आठवते, आणि दुबळ्याकडेच संख्या असली की ती विसरली जाते.

आता आपल्या अंगणातही पाहू. आमच्या राजुरा तालुक्याचा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. अनुवादासाठी खास दारुत्तर्जुमा उभारला गेला. वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली गेली. आम्हा उर्दूवाल्यांना त्याचा अभिमान वाटतो आणि तो गैर नाही. पण त्या राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होती. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला पदवी हवी तर आधी उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागे. त्या काळी कपाटाची किल्ली आमच्या भाषेकडे होती. बाहेर उभ्या असलेल्यांचा सल आम्ही तेव्हा किती ऐकला? आमच्या अभिमानाच्या लेखांत तो क्वचितच दिसतो.

म्हणून आम्हाला वाटते, हा प्रश्न बहुसंख्य-अल्पसंख्य असा मांडून सुटत नाही. ज्याच्या हातात किल्ली असते त्याने स्वतःला मालक समजावे की अमानतदार, हा खरा प्रश्न आहे. मालक म्हणतो, माझ्या माणसांचे आधी. अमानतदाराला विचारावे लागते, की या दाराशिवाय ज्याला दुसरे दारच नाही असा कोण उभा आहे? मानसशास्त्राचे मराठी पुस्तक चंद्रपूरच्या दुकानात मिळू शकते. दोघांसाठीचे ते पुस्तक तिथे मिळत नाही. चाळिसांसाठी चौथी प्रत घेण्याआधी दोघांसाठी पहिली प्रत घेणे हा उपकार नव्हे, वाजवी हिशेब आहे. आणि तो हिशेब उर्दूसाठी मागणाऱ्याने माडियासाठीही त्याच आवाजात मागितला पाहिजे. नाहीतर ती मागणी न्यायाची राहत नाही, फक्त आपल्या वाट्याची उरते.

आणखी एक गोष्ट. लहान विद्यापीठात इमारती थोड्या, प्राध्यापकांची वानवा, प्रयोगशाळा अपुऱ्या. हे रडगाणे आपण सगळे गातो. पण त्या वर्गात माडिया, गोंडी, तेलुगू, झाडीबोली आणि मुलचेरा-चामोर्शीकडच्या निर्वासित वसाहतींतली बंगाली बोलणारी मुले एका बाकावर बसू शकत होती. ही दौलत नागपूर-मुंबईला विकत घेता येणार नाही. आमच्या त्या मित्राने एक न बोलणारे पोर बोलते केले होते. त्या दिवशी वर्गातले सर्वांत मोठे साधन तोच होता, आणि आम्ही त्याच्यावर हसून ते वाया घालवले. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात २०१९ साली ग्रामसभेने गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतः सुरू केली, हे पुढे वाचले तेव्हा तो शेरा आणि ते हसणे पुन्हा आठवले. विद्यापीठाचे नाव गोंडवाना आहे. नाव ज्यांचे घेतले त्यांची बोली वर्गात आली तर गुण कापायचे, ही कुठली रीत?

आज आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. राजुऱ्याकडून आलेले एखादे मूल उत्तर देताना घरच्या दखनीत "हौ" आणि "नक्को" म्हणते. वर्ग हसतो. शुद्ध उर्दूचा आग्रह आमच्याही ओठांवर येतो. शुद्ध भाषा शिकवायची आहेच, ते आमचे काम आहे. पण आता आधी त्या मुलाचे उत्तर पूर्ण होऊ देतो आणि मग त्याच उत्तराचे उर्दू वाक्य सगळ्या वर्गाकडून करून घेतो. रोज जमतेच असे नाही.

लहानपणी मदरशात शिकलो होतो की नमाज-रोज्यातली कसूर अल्लाह माफ करील, पण हक्कुल इबाद, म्हणजे माणसाने माणसाचे बुडवलेले देणे, त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटत नाही. त्या संध्याकाळचे हसणे हे असे एक देणे आहे. तो मित्र आता एका आश्रमशाळेत शिक्षक आहे, असे कळले आहे. या पावसाळ्यानंतर, पर्लकोटेचे पाणी उतरले की, भामरागडची एस.टी. धरायची आहे.