चूक कुठवर उसवावी?



हाताने केलेल्या कामात चूक सापडली तर ती दुरुस्त करावी, की करणाऱ्याचा भाव शुद्ध आहे म्हणून तशीच राहू द्यावी? प्रश्न साधा दिसतो. आपल्यातले बरेच जण त्याचे उत्तर घाईने देतात. देवाला भाव पुरतो, चुकीकडे कोण पाहतो, असे म्हणून मोकळे होतात. टाळ चुकला तरी हेच, पाठ चुकला तरी हेच, दिंडीच्या शिध्याचा हिशेब चुकला तरी हेच. या उत्तराची आज थोडी तपासणी करू. दृष्टांत लोकरीचा घेऊ.

आमच्या संभाजीनगरात गुलमंडी ही जुनी पेठ. सुपारी हनुमानाचे दर्शन घेऊन पैठण गेटकडे निघालात की कापडाची दुकाने लागतात. या भागाला विणकाम नवे नाही. हिमरू इथला, पैठणी इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणची. पण त्या झाल्या मागावरच्या गोष्टी. घरातल्या बायाबापड्यांचे विणकाम म्हणजे क्रोशा. एक आकडीची सुई, एक लोकरीचा गुंडा, बस्स. साखळी घालायची, साखळीवर खांब उभे करायचे, खांबांवर पुन्हा खांब. खरा क्रोशा यंत्रावर निघत नाही. म्हणून त्यातला प्रत्येक खांब, चुकलेला असो वा बरोबर, कोणाच्या तरी बोटांतूनच आलेला असतो.

याच गुलमंडीतल्या एक बाई दोन वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. पिशवीत लहान मुलाचा अर्धवट स्वेटर होता. त्यांच्या आईने नातवासाठी विणायला घेतला होता. शेवटच्या आजारात दृष्टी मंदावली, तरी माउली विणतच राहिली, आणि काम अर्धे ठेवून गेली. बाई म्हणाल्या, "महाराज, खाली चौसष्ट खांब आहेत. वर येता येता सत्तावन्न झालेत. आईला ओळीच्या टोकाचा खांब दिसत नसावा, तो सुटत गेला. असाच पुढे विणला तर पोराच्या अंगात जाणार नाही. आणि उसवायचा म्हटलं तर आईच्या हातचं शेवटचं तेच आहे. तुम्हीच सांगा, काय करू?"

या प्रश्नापुढे 'भाव पुरतो' हे उत्तर लंगडे पडते. आईच्या भावात काय उणे होते? काहीच नाही. पण भाव पूर्ण असूनही स्वेटर अरुंद झाला, आणि थंडी पोराला वाजायची आहे. चूक काढावी तर आईची खूण जाते, ठेवावी तर आईचा हेतू जातो. दोन्हीकडे आईच.

अशा वेळी मला नाथमहाराज आठवतात. इथून जवळच देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पायाशी ते राहिले. एका पैच्या चुकीची कथा तुम्ही कीर्तनांतून ऐकली आहे. हिशेबात एक पै जुळेना, म्हणून नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले, आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! कथेत लक्ष द्यायची गोष्ट अशी की नाथांनी पै आपल्या खिशातून टाकून हिशेब जुळवला नाही. तसे करणे सोपे होते, रक्कमही क्षुल्लक होती. पण त्याने चूक झाकली असती, सापडली नसती.

पुढे नाथांपुढे याहून कठीण काम आले. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. नाथांच्या काळापर्यंत जवळजवळ तीनशे वर्षे तिच्या नकला होत गेल्या आणि पाठ बिघडत गेले. परंपरा सांगते की ज्ञानोबामाउलींनी नाथांना दृष्टांत दिला, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, मुळी काढली. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती याच कारणाने.

आता विचार करा. नाथांइतका भाव कोणाचा? त्यांना म्हणता आले असते की माउलींचा ग्रंथ आहे, जसा आहे तसा पूज्य आहे, एका अक्षरालाही हात लावणे पाप. ते म्हणाले नाहीत. दुसरीकडे, नाथ स्वतः थोर कवी. खटकली ती ओवी आपल्या पद्धतीने पुन्हा रचणे त्यांना अवघड नव्हते. तेही त्यांनी केले नाही. उलट यात कोणी आपली ओवी घालू नये असा पुढच्यांना कडक इशारा देऊन ठेवला. मुळी काढली, कंठाला धक्का लावला नाही. दुरुस्तीचा सगळा धर्म यात आला. जे मूळ कर्त्याच्या हेतूला आवळते ते काढायचे, आणि काढताना आपला अहंकार आत शिरू द्यायचा नाही.

म्हणून मी त्या बाईंना एवढेच विचारले, "आई हे कोणासाठी विणत होत्या?" त्या म्हणाल्या, "नातवासाठी." मी म्हटले, "मग नातवाच्या अंगात जाईपर्यंत उसवा. त्याच्या खाली एक टाकाही नको."

क्रोशाची एक रीत इथे समजून घेण्यासारखी आहे. दोन सुयांच्या विणकामात कितीतरी टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात, एक निसटला तर खालपर्यंत ओघळतो. क्रोशात ओळ संपते तेव्हा आकडीवर एकच फास उघडा असतो, मागचे सगळे खांब बंद झालेले असतात. त्यामुळे काम सहजी ओघळत नाही. पण मधली चूक काढायची तर वरचे सगळे उलट्या क्रमाने उसवावे लागते, शेवटचे आधी. अनुतापाचा मार्गही असाच आहे. काल बोललेले खोटे परवाच्या खोट्यावर उभे असते. वरून उसवत खाली आल्याशिवाय पहिला सुटलेला खांब हाती लागत नाही. प्रायश्चित्त या शब्दाची फोड शास्त्रकार अशी करतात की प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय. उसवणे हे तप, पुन्हा विणणे हा निश्चय. नुसते उसवून रडत बसणारा अर्ध्यावरच थांबला.

बाईंनी ओळी मोजल्या. अकराव्या ओळीपाशी पहिला खांब सुटला होता. तिथवर उसवले. उसवलेली लोकर वाकडीतिकडी राहते, म्हणून ती धुऊन, टोकाला वजन बांधून वाळवली. मग त्याच लोकरीने पुढे विणले. खालच्या ओळींत आईच्या हाताने काही खांब सैल, काही घट्ट पडले होते. त्यांना हात लावला नाही. ते दोष दिसणारे होते, वाढणारे नव्हते. लेकीचा हात आईपेक्षा घट्ट, त्यामुळे अकराव्या ओळीवर एक बारीक रेघ उमटली. तीही ठेवली.

यावरून तीन गोष्टी ध्यानात घ्या. जी चूक पुढच्या प्रत्येक ओळीला अरुंद करते ती उसवलीच पाहिजे, मग कितीही ओळी जावोत. मोजणीतली चूक अशी, पैशातली चूक अशी, मुलांना लावलेली खोटी सवयही अशीच. जी चूक कोणाचे ऊब कमी करत नाही, फक्त आपल्या मानाला बोचते, ती राहू द्यावी. तिच्यासाठी चार वेळा उसवणारा देवासाठी विणत नसतो, पाहणाऱ्यांसाठी विणतो. आणि तिसरी, दुसऱ्याच्या विणकामाला हात लावण्यापूर्वी हे कोणासाठी विणले होते ते विचारावे. न विचारता केलेली दुरुस्ती म्हणजे दुसऱ्याच्या ग्रंथात घातलेली आपली ओवी.

काही देशांतले गालिचे विणणारे मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण परिपूर्ण फक्त ईश्वर, असे सांगितले जाते. ऐकायला गोड आहे. पण मला वाटते, चूक मुद्दाम ठेवावी लागते असे ज्याला वाटते त्याने आपण बिनचूक आहोत हे आधीच धरले आहे. आपल्याला ती खटपट नको. आपल्या चुका न ठेवताच पुरेशा आहेत.

भाव आणि शुद्धी यांत वैर नाही. भाव असेल तर माणूस मोजायला बसतो, रात्र गेली तरी बसतो. पंढरीनाथाला थंडीत उबदार पोशाख घालतात, तो त्याच्या अंगाला बसावा म्हणून नीट मापाने शिवतात. तिथे भाव पुरतो म्हणून कोणी तोकडी बंडी नेत नाही. मग शेजारच्या लेकराच्या अंगात तोच आहे असे म्हणणाऱ्याने तिथे माप का सोडावे? आज आपापल्या कामाच्या ओळी एकदा मोजून पाहा. चौसष्ट असतील तर आनंद. कमी भरल्या तर नाथांसारखी टाळी वाजवा, चूक सापडली म्हणून, आणि उसवायला घ्या.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल.