परतंत्र, तरीही सत्य

अ‍ॅप्टाना स्टुडिओ हा वेबसाठी कोड लिहिण्याचा एडिटर दोन रूपांत मिळत असे: स्वतंत्र सॉफ्टवेअर म्हणून, किंवा संगणकावर आधीच असलेल्या एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवण्याचे प्लग-इन म्हणून. अशी निवड समोर आली की स्वतःच्या पायावर उभे ते अस्सल आणि दुसऱ्याच्या आधाराने चालते ते दुय्यम, असे मन परस्पर ठरवून टाकते. माणसांनाही आपण हीच मोजपट्टी लावतो, म्हणून ती तपासायला हवी. स्वतंत्र आवृत्तीचे फोल्डर उघडून पाहावे. प्रोग्रॅम सुरू करणारी फाइल अगदी लहान असते. जवळजवळ सगळा ऐवज ‘प्लगिन्स’ नावाच्या फोल्डरमधल्या जार फायलींत, म्हणजे जावा भाषेतल्या कोडच्या गठ्ठ्यांत, असतो, आणि एक्लिप्सचा गाभाही तिथेच. 2004 सालच्या एक्लिप्स 3.0 पासून ही रचना ओएसजीआय या, सॉफ्टवेअर सुट्या घटकांतून जोडण्याच्या पद्धतीवर उभी आहे. आपल्याला दुसरे कोणते घटक लागतात, हे प्रत्येक घटक आपल्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये नोंदवतो. म्हणजे स्वतंत्र आवृत्तीचे परावलंबन संपलेले नसते. आधार तिने बरोबर आणलेला असतो, एवढेच. शिवाय खाली जावा लागतेच, आणि तिच्याखाली ऑपरेटिंग सिस्टिम.

परावलंबी ते खरे की नाही, हा प्रश्न तत्त्वज्ञानात जुना आहे. तेराव्या शतकात द्वैतवादी मध्वाचार्यांनी ‘तत्त्वसंख्यान’ या ग्रंथात तत्त्वांचे स्वतंत्र आणि अस्वतंत्र असे दोन भाग केले. स्वतंत्र फक्त विष्णू. जीव आणि जड त्याच्या अधीन. तरीही जगाला त्यांनी मिथ्या म्हटले नाही, आणि मला हे फार मोलाचे वाटते. ईश्वर न मानणाऱ्यालाही एवढे पटावे की अधीन असल्याने वस्तूचे खरेपण उणावत नाही. यावर सर्व वस्तू स्वभावशून्य मानणारे माध्यमिक बौद्ध विचारतील, जे दुसऱ्यामुळे आहे त्याला स्वतःचा स्वभाव कुठला? स्वभाव नसेलही. पण ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथात त्यांचाच आचार्य नागार्जुन सांगतो की रथ स्वभावशून्य असला तरी लाकडे वाहून नेतो. प्लग-इनही कोडमधली चूक तितक्याच नेमकेपणे दाखवते.

मग स्वतंत्र आवृत्ती आणि प्लग-इन यांत फरकच नाही का? आहे, आणि तो जबाबदारीचा आहे. स्वतंत्र आवृत्तीत घटकांचा मेळ निर्माता घालून देतो. प्लग-इन घेतले की तो आपल्याला सांभाळावा लागतो. एक्लिप्स अद्ययावत केल्यावर जुने प्लग-इन बंद पडू शकते. ही जबाबदारी नको असेल त्याने स्वतंत्र आवृत्ती खुशाल घ्यावी. मात्र प्लग-इनला कमअस्सल ठरवून ती घेणे चूक आहे.