बर्फाचे टायर

माणसाने पुढचा विचार किती पुढपर्यंत करावा, या प्रश्नाचं उत्तर आम्हाला बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी देण्यात आलं होतं. संभवणाऱ्या प्रत्येक तोट्याची तरतूद करा, हाती न आलेला नफा मात्र वहीत धरू नका. हिशेबशास्त्रात याला सावधगिरीचं तत्त्व म्हणतात. या तत्त्वावर मी बँकेत वीसेक वर्षं काढली आणि संसारही त्यावरच चालवला. आमच्याकडे छत्री पावसाळ्यात लागते म्हणून असते, हिवाळ्यात लागली तर असावी म्हणून असते आणि उन्हाळ्यात ती दुरुस्तीला जाते. तेव्हा तरतुदीविरुद्ध बोलण्याचा मला अधिकार नाही. पण परवा भाच्याने चार टायरांचा विषय काढला आणि हे तत्त्व माझ्या डोळ्यांदेखत लंगडू लागलं.

भाचा नेरूळलाच, आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या विंगमध्ये राहतो. तो कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणजे नक्की काय करतो, हे ताईला अजून शेजाऱ्यांना सांगता आलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने थार घेतली. फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना. डोंगर, चिखल, नदीचं पात्र यांच्यासाठी जन्मलेली ही गाडी रोज पाम बीच रोडने वाशीला जाते. रस्ता सरळ, रुंद आणि सपाट. पराक्रमाला वाव एवढाच, की सोसायटीच्या गेटजवळचा गतिरोधक ती मुळीच कुरकुर न करता ओलांडते. आता जानेवारीत तो ही गाडी घेऊन मनालीला आणि तिथून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये जाणार आहे. नऊ किलोमीटरचा हा बोगदा २०२० मध्ये खुला झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांगची वाट बंद झाली की लाहौल बाकीच्या जगापासून तुटत असे. म्हणजे आमच्या घरातला हा नैतिक प्रश्न सरकारने डोंगर फोडून निर्माण केलेला आहे.

प्रश्न असा, की गाडीला खास बर्फाचे टायर घ्यावेत की नाही?

नेरूळमध्ये बर्फ दोनच ठिकाणी सापडतो. कोळणीच्या टोपलीत आणि रसवंतीत. त्यामुळे ‘बर्फाचे टायर’ ऐकून घरात हशा पिकला. भाचा मात्र शांतपणे आत गेला आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आला. ती उलटी धरली तर डिसेंबरच्या सकाळी थेंबही पडेना. मग तिळाच्या तेलाची आणली. ते नेहमीसारखं धारेने आलं. ‘मामा, आपल्या टायरचं रबर खोबरेलाच्या जातीचं. साधारण सात अंशांच्या खाली गेलं की ते कडक व्हायला लागतं, आणि कडक रबर रस्ता धरत नाही. बर्फाच्या टायरचं रबर तिळाच्या तेलासारखं. थंडीतही मऊ राहतं.’ शिवाय त्याच्या अंगावर सुरीने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात आणि खाचांत बर्फ अडकून राहतो. तो मुद्दामच अडकू द्यायचा, कारण बर्फाला बर्फच चांगला धरतो. पैशाकडे पैसा जातो, तसंच हे. फिनलंडमधल्या एका कारखान्याने असा टायर १९३४ सालीच काढला होता. त्या काळी आपल्याकडे बैलगाडीला लोखंडी धाव होती आणि तिला हंगाम विचारत नव्हता.

मेहुणीची मुलगी माँट्रियलला असते. तिच्याकडे हा वादच नाही. क्युबेक प्रांतात २००८ पासून हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. १ डिसेंबर ते १५ मार्च. शेजारच्या ओंटारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून तिथल्या विमा कंपन्यांना असे टायर लावणाऱ्याला हप्त्यात सवलत द्यावी लागते. सवलत हा शब्द कानी पडला की माझा हात आपोआप वर जातो. तरीही या बाबतीत मी क्युबेकच्या बाजूचा आहे. सवलत हा मी आणि विमा कंपनी यांच्यातला व्यवहार झाला. रस्ता ओलांडणारी म्हातारी त्या व्यवहारात कुठे आली? तिने कुठल्या कागदावर सही केली?

इथेच या प्रकरणाची गोम आहे, आणि ती भाच्याच्या गाडीच्या नावातच लपलेली आहे. फोर बाय फोरचा सगळा डौल निघण्यात आहे. दुसऱ्याची गाडी बर्फात जागच्या जागी चाकं फिरवत बसते, तेव्हा ही खुशाल निघते आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपण जिंकलो. पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात. थांबताना थारचा जोर काही कामाचा नाही. तिथे चालतं ते रबराचंच. म्हणजे या गाडीने माणूस बर्फावर इतरांपेक्षा लवकर वेगात येतो आणि थांबायला इतरांइतकाच वेळ घेतो. जमा-खर्चाच्या भाषेत सांगायचं तर, निघण्याची नोंद आपल्या खात्यात पडते आणि न थांबण्याची समोरच्याच्या.

‘पण मामा, तिथे हजारो लोक साध्या टायरांवर जाऊन येतात,’ भाचा म्हणाला. कर्ज थकवणारा प्रत्येक माणूस आमच्या काउंटरवर येऊन हेच सांगतो, की साहेब, हजारो लोकांचं थकलंय.

तर मग घेऊन टाकावेत टायर? मीही तेच म्हणणार होतो. पण नेरूळहून मनाली जवळजवळ दोन हजार किलोमीटर. त्यातला बर्फ शेवटच्या टोकाला, आणि वाटेत सबंध गुजरात आणि राजस्थान, जिथे जानेवारीच्या दुपारीही माणूस स्वेटर काढून कमरेला बांधतो. तिळाच्या तेलाचं ते मऊ रबर उबदार डांबरावर भराभर झिजतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तिथे ते नेहमीच्या टायरपेक्षा उशिरा थांबवतं. म्हणजे लाहौलमधल्या म्हातारीची काळजी वाहायची ती उदयपूरजवळच्या म्हातारीच्या जिवावर. आमच्या पुस्तकातल्या सावधगिरीच्या तत्त्वात दोन म्हाताऱ्यांची सोय नव्हती.

मधला मार्ग निघतो. सगळ्या रस्त्यांना चालणाऱ्या काही टायरांच्या बगलेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाची चांदणी अशी खूण असते. ती असली म्हणजे तो टायर बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरलेला आहे. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असेल, तर ते कंपनीचं स्वतःचं म्हणणं. साक्षांकित प्रत आणि स्वतःच लिहून दिलेला दाखला यांतला फरक कारकुनाला समजावून सांगावा लागत नाही. असे टायर घ्यावेत, डिकीत साखळ्या ठेवाव्यात, बर्फ लागला की चाकांना बांधाव्यात, ताशी चाळीसच्या आत राहावं आणि कोरडा रस्ता आला की सोडाव्यात. दिसायला राकट असे चिखलाचे टायर मात्र घेऊ नयेत. त्यांचे ठोकळे मोठे आणि चिरा कमी. गोठलेल्या रस्त्यावर ते नुसतेच मिशीला पीळ देऊन उभे राहतात. भाच्याला नेमके तेच आवडले होते.

मी आणखीही एक सुचवलं. चंदीगडपर्यंत रेल्वेने जावं आणि पुढे तिथल्याच माणसाची गाडी करावी. त्याचा जन्म त्या बर्फात गेलेला असतो आणि साखळ्या त्याला डोळे मिटून बांधता येतात. ‘मग थार कशाला घेतली?’ भाचा म्हणाला. हाच प्रश्न त्याच्या आईने दोन वर्षांपूर्वी विचारला होता. तेव्हा त्याला उत्तर येत होतं.

हे सगळं बोलणं खाली पार्किंगमध्ये चाललं होतं. भाचा उकिडवा बसून मला टायरवरचे आकडे वाचायला शिकवत होता. चार आकडी संख्या असते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायरला स्वतःची जन्मतारीख अंगावर बाळगावी लागते हे मला फार आवडलं. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. झीज तिथवर आली की त्याची मुदत भरली. नवी विद्या अंगात आली की माणूस दिसेल त्यावर ती वापरून बघतो. थारच्या शेजारीच ताईची स्कूटर उभी होती. मागच्या टायरवर आकडे निघाले २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. भाचा तेव्हा शाळेत होता. खाचा शोधायला बोट फिरवलं, तर ते मारुतीच्या शेंदरी पाठीवरून फिरावं तसं गुळगुळीत फिरलं. पाणी बाहेर फेकायला खाचच उरली नसेल तर टायर पाण्यावर तरंगतो, हे मला दहा मिनिटांपूर्वी भाच्यानेच सांगितलं होतं. लाहौलचा बर्फ आठ दिवसांचा. नेरूळचा पाऊस चार महिन्यांचा, आणि ताई त्यात रोज दोनदा बाहेर पडते.

भाचा बराच वेळ त्या टायरकडे बघत राहिला. त्याचं संशोधन दोन महिने चाललं होतं आणि ते सगळं या स्कूटरपासून हातभर अंतरावर उभं होतं.

ताई भाजी घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं तिच्या स्कूटरपाशी बसलो होतो. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, ‘अरे, पण मी जाते कुठे? सीवूड्सपर्यंत तर जाते. आणि आत्ता कुठे पाऊस आहे?’

स्कूटरची किल्ली भाच्याने काढून घेतली आहे. नवा टायर सोमवारी बसणार. तोवर ताई रिक्षाने जाते, आणि बसायच्या आधी वाकून मागच्या चाकावर बोट फिरवते. दोन रिक्षावाले तिला न घेताच निघून गेले.