बेकारांची रांग कुणी लावायची?

(आत्यानं लालबागमध्ये खानावळ चालवली. मी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवतो. एका प्रश्नावर आमचं एकमत होत नाही. तो वाद असा.)

मी : आत्या, एका शहरात दोन बेकार आहेत. एक सव्वीस वर्षांचा पदवीधर, आजवर एकही पगार हातात न पडलेला. दुसरा पन्नाशीचा, कारखाना बंद पडल्यामुळे घरी बसलेला. दोघांची झोप उडाली आहे, दोघंही माणसं टाळतात. समुपदेशक एकच आहे आणि कामाची जागाही एकच. आधी कुणाला? मी म्हणतो, तरुणाला.

आत्या : का?

मी : त्याच्यापुढे अख्खं आयुष्य आहे. बहुतेक मानसिक आजारांची सुरुवात पंचविशीच्या आत होते. तेव्हा हात दिला नाही तर तो माणूस ते ओझं पुढं चाळीस वर्षं वाहतो. पहिली नोकरी उशिरा, पडेल त्या पगारावर मिळाली की पुढची प्रत्येक बढती तिथूनच मोजली जाते. शिवाय बेकारीचा मारही तरुणांवरच जास्त आहे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, पण १५ ते २९ वयोगटात तो १०.२ टक्के होता.

आत्या : तो आकडा काम शोधणाऱ्यांचा ना?

मी : हो. जो काम शोधतो किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तोच बेरोजगार.

आत्या : मग पन्नाशीचा माणूस त्यात कसा दिसेल? दहा ठिकाणी 'वय जास्त आहे' ऐकलं की तो शोधणंच सोडतो. सोडलं की तुमच्या हिशेबात तो बेकारही राहत नाही. नुसता घरी असतो.

मी : मान्य. आकडा बाजूला ठेवू. पण मदत मोजकी असेल तर ती जास्त वर्षं टिकेल तिथं द्यावी, यात चूक काय?

आत्या : उरलेल्या वर्षांवर माणसाची किंमत ठरवलीस की वय वाढेल तसा माणूस रांगेत मागं जाणार. आज पन्नाशीचा, उद्या साठीचा. मग म्हाताऱ्याला औषध तरी कशाला द्यायचं?

मी : मी किंमत ठरवत नाही, क्रम ठरवतोय.

आत्या : रांगेत शेवटी उभा असतो त्याला हा फरक कळत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस बाहेर होता. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीरही केलं नाही. आमचे हे बावीस वर्षं साचेखात्यात होते. गिरणीनं परत घेतलं नाही, तरी पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, आंघोळ करून, कपडे घालून बसायचे. कुठं जायचं नसायचं. १९९० साली कुणी विचारलं, काय करता, तरी सांगायचे, गिरणीत आहे.

मी : पण आत्या, त्यांच्याकडे सांगायला गिरणी तरी होती. माझ्या मुलांकडे तेवढंही नाही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतात, मेसमध्ये जेवतात, अभ्यासिकेत बारा-बारा तास बसतात. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे. दोन गुणांनी मुख्य परीक्षा हुकली की आणखी एक वर्ष. गावी दिवाळीला जात नाहीत, कारण 'काय करतोस सध्या' हा प्रश्न नको असतो. लग्नाला मुलगी देत नाहीत. मार्च २०२१ मध्ये परीक्षा पुन्हा पुढं ढकलली तेव्हा ही मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली. लोकांना ते तारखेचं भांडण वाटलं. मुलांसाठी ते वयाचं होतं. ज्यानं काम गमावलं त्याच्याकडं निदान तो कोण होता याचं उत्तर आहे. ज्याला कामच मिळालं नाही तो कुणी झालेलाच नसतो.

आत्या : हे खरं आहे. पण 'कोण होतो' हे ठाऊक असण्यानं सुख होतं असं तुला कुणी सांगितलं? तुझा मुलगा उद्याकडं बघून दिवस काढतो. ह्यांना काल तेवढा उरला होता.

मी : म्हणूनच म्हणतो, ज्याला उद्या आहे त्याचा उद्या वाचवू.

आत्या : बरं, वाचव. त्या सव्वीस वर्षांच्या मुलाला पुण्यात महिन्याला पैसे कोण पाठवतं?

मी : बाप.

आत्या : त्याचं वय?

मी : पन्नाशीचं असेल.

आत्या : त्याचं काम गेलं की?

मी : मुलगा बॅग भरून गावी जातो.

आत्या : मग तू ज्यांना दोन बेकार म्हणतोस ते एकाच घरात राहतात. रांग लावतोस ती बाप आणि मुलाची.

मी : तसं असेल तर बापाला आधी मदत करू. त्यानं मुलगाही सावरेल.

आत्या : बघ, बापाला द्यायचं तेही मुलाच्या नावानं. त्याच्या स्वतःच्या नावानं त्याला काही मिळायचं नाही का? मिळवतो तोवर कर्ता. मिळवायचा थांबला की मुलाच्या भविष्यातली अडचण. ह्यांना खाल्लं ते ह्याच गोष्टीनं. खानावळ चालू होती तोवर पैसे मी आणत होते.

(इथं आम्ही बराच वेळ अडून राहिलो. मी पुनःपुन्हा वर्षांचा हिशेब मांडला, तिनं तो पुनःपुन्हा परतवला. उरलेल्या आयुष्याला काहीच वजन नाही, हे मला अजूनही पटत नाही. पण तेवढंच वजन धरायचं, हे मला मांडता आलं नाही.)

मी : पैसे तू आणत होतीस म्हणालीस. म्हणजे नुसत्या पैशानं भागत नाही, हे तुलाही मान्य आहे. बांगलादेशात रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत एक प्रयोग झाला. काहींना काम दिलं, काहींना काम न देता तेवढेच पैसे दिले. मनःस्वास्थ्य कामानं जास्त सुधारलं. त्याआधी ऑस्ट्रियात मारिएनथाल गावातली गिरणी बंद पडली होती. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. गावाकडं वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं कमी जाऊ लागली. पुरुष रस्त्यानं चालताना वरचेवर थांबत. बायका झपाझप जात.

आत्या : बायकांना घरी चूल होती.

मी : हो, याहोडाही तेच सांगते. २००९ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मानसिक त्रास असलेल्यांचं प्रमाण बेकारांमध्ये ३४ टक्के आणि नोकरदारांमध्ये १६ टक्के निघालं. बेकारीचा फटका अंगमेहनतीच्या कामगारांना कार्यालयातल्या लोकांपेक्षा जास्त बसलेला दिसला, आणि पुरुषांना बायकांपेक्षा जास्त.

आत्या : पहिलं मी डोळ्यांनी बघितलंय. दुसऱ्याबद्दल विचारते. माझ्या खानावळीत वीस गिरणीवाले जेवायचे. संप लांबला तसे ते गावी गेले, काहींची उधारी तशीच राहिली. खानावळ बसली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा आम्हा खानावळवाल्यांना पहिल्यांदा कुणी कामकरी बाई म्हणून मोजलं. पण संपात माझंही काम गेलं, हे कुठल्या कागदावर आहे? ह्यांना लोक बेकार म्हणाले. मला म्हणाले, बरं झालं, घरी लक्ष द्यायला मिळेल. रात्र-रात्र डोळा लागत नव्हता. डॉक्टरनं रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या.

मी : म्हणजे माझ्या दोन माणसांत तिसरं माणूस नव्हतंच.

आत्या : आणि समुपदेशक एकच, हे कुणी ठरवलं? तू वाद सुरू केलास तोच एक खुर्ची मांडून. ज्यांनी खुर्च्या कमी ठेवल्या त्यांना तू काहीच विचारलं नाहीस.

मी : खुर्च्या खरोखरच कमी आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. काम गेलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेतून भत्ता मिळू शकतो, पण तो मर्यादित काळापुरता, आणि आधी विम्याचा हप्ता भरलेला हवा. ज्याला पहिली नोकरीच लागली नाही त्याला तो नाही. खानावळवालीलाही नाही.

आत्या : मग आधी तो दरवाजा रुंद कर. रांगेचं नंतर बघू.

मी : आणि दरवाजा रुंद होईपर्यंत?

आत्या : तोवर तुझा मुलगा आधी गेला तर मी आडवी येणार नाही. पण मागं कोण राहिलं त्याचं नाव लिहून ठेव.

वाद इथं थांबला, मिटला नाही. समुपदेशक एकच असेल तर मी आजही त्याला आधी अभ्यासिकेत पाठवीन. पण कामाच्या बाबतीत, वयावरून रांग लावू नये, हे आत्याचं म्हणणं खरं आहे, आणि आपल्या राज्यानं ते एकदा कायद्यात लिहिलं आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. अंगमेहनतीला तयार असलेल्या ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला त्यानं काम मागण्याचा हक्क दिला. वरची वयोमर्यादा घातली नाही, आणि बाईला वगळलं नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत असा हक्क आजही नाही. तो मागायला हवा, आणि बापानं, मुलानं, आईनं तो एकत्र मागायला हवा.